पाहुणा कुठल्या वाटेनं आला?

(दृश्य : सावईवेरे. पोफळीवर चढलेली मिरी, पाटाचं पाणी.)

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक कुळागर, म्हणजे पोफळी-मिरीची बाग. समजा, या कुळागराची एक छोटी वेबसाइट आहे. बाग किती वाजता उघडते, जेवणात काय असतं, पावसाळ्यात यायचं की नाही, एवढीच माहिती तिच्यावर. हेच प्रश्न लोक आता चॅटजीपीटीला, जेमिनीला, पर्प्लेक्सिटीला विचारतात. उत्तराखाली कुळागराचा दुवा दिसतो. कुणी तो दाबतं, कुणी उत्तर वाचूनच थांबतं.

इथे तीन वेगळ्या गोष्टी घडतात. माणूस दुवा दाबून वेबसाइटवर येतो, ते वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे जीए४ मध्ये दिसतं. चॅटबॉटचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचणारा प्रोग्रॅम, पान वाचून जातो, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत दिसतं. आणि उत्तरात फक्त नाव आलं, कुणी काही दाबलं नाही, तर ते या दोन्हींत कुठेच दिसत नाही. या आकड्यांची बेरीज करायची नाही.

(दृश्य : जीए४ चा पडदा.)

पहिली गोष्ट आधी. दुवा दाबला की ब्राउझर सहसा मागच्या साइटचा पत्ता सोबत पाठवतो. त्याला रेफरर म्हणतात. त्यावरून जीए४ सोर्स, म्हणजे भेट कुठून आली, ते ठरवतं : चॅटजीपीटी डॉट कॉम, पर्प्लेक्सिटी डॉट एआय, क्लॉड डॉट एआय. चॅटजीपीटी आपल्या अनेक दुव्यांना यूटीएम सोर्स, म्हणजे पत्त्याच्या शेवटी सोर्स सांगणारी खूण, स्वतःच जोडतं, पण मीडियम, म्हणजे भेटीचा प्रकार, जोडत नाही. परिणामी अशा भेटी रेफरलमध्ये, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्यांच्या गटात न जाता अनेकदा 'अनअसाइन्ड'मध्ये, म्हणजे गट न ठरलेल्यांत पडतात. नुसता रेफरलचा अहवाल पाहणाऱ्याला त्या सापडतच नाहीत. म्हणून नियम सोर्सवर बांधायचा, मीडियमला हात लावायचा नाही.

ॲडमिनमध्ये जा, डेटा डिस्प्ले, मग चॅनल ग्रुप्स, म्हणजे भेटींचे गट. यासाठी एडिटरचे अधिकार लागतात. नवा ग्रुप तयार करा, त्यात 'एआय चॅटबॉट' नावाचं चॅनल जोडा आणि अट द्या : सोर्स रेजेक्सशी, म्हणजे अक्षरांच्या साच्याशी जुळतो. पडद्यावर दिसतोय तसा नियम लिहा : चॅटजीपीटी, ओपनएआय, पर्प्लेक्सिटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड ही नावं इंग्रजीत, एका कंसात, मधे उभ्या रेघा आणि कंसाच्या दोन्ही टोकांना टिंब-तारा. टोकं मोकळी सोडली तर संपूर्ण नाव तंतोतंत जुळावं लागतं आणि आकडा शून्य येतो. उलट, काम सोपं करायला नुसती 'एआय'ची दोन इंग्रजी अक्षरं दिली, तर 'ईमेल' आणि 'मेलचिंप'सुद्धा त्यात अडकतात, कारण ती अक्षरं त्यांच्याही स्पेलिंगमध्ये आहेत. बिंग यात घालू नका. तो सर्चचा रस्ता आहे.

आता नेमकी हुकणारी पायरी. जीए४ नियम वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. नवं चॅनल तळाशी राहिलं तर रेफरल आधी भेटी उचलून नेतं. ते ओढून रेफरलच्या वर ठेवा, मग सेव्ह करा. हा ग्रुप मागच्या तारखांनाही लागू होतो, त्यामुळे गेल्या हंगामाचे आकडेही लगेच पाहता येतात.

मिळालेला आकडा मात्र किमान समजायचा. मोबाइल ॲपमधून दुवा उघडला किंवा पत्ता कॉपी करून चिकटवला की रेफरर गळतो, आणि भेट 'डायरेक्ट' म्हणून नोंदली जाते. एक खूण उपयोगी पडते. डायरेक्टमधले नवे वापरकर्ते कुठल्या पानावर उतरले ते पाहा. मुखपृष्ठाचा पत्ता कुणी हातानं टाइप करेल. 'पावसाळ्यात कुळागर पाहता येतं का' या पानाचा लांबलचक पत्ता कोण टाइप करणार? तिथे अचानक वाढ दिसली तर चॅटबॉटची शक्यता तपासा. व्हॉट्सॲपवर फिरलेला दुवाही असाच दिसतो, त्यामुळे हा पुरावा नव्हे. गूगलच्या एआय ओव्हरव्ह्यूतून, म्हणजे शोधाच्या वर दिसणाऱ्या एआय उत्तरातून आलेली भेट तर गूगल ऑरगॅनिकमध्येच, म्हणजे बिनजाहिरातीच्या शोधातच मिसळून जाते.

(दृश्य : सर्व्हर लॉगच्या ओळी.)

बॉटचं वाचन जीए४ ला कळत नाही. त्याचा टॅग जावास्क्रिप्टवर चालतो आणि हे बॉट सहसा ती चालवतच नाहीत. शिवाय ओळखीचे बॉट जीए४ स्वतःच गाळतं. लॉगमध्ये मात्र प्रत्येक विनंतीची वेळ, पान, स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारा आकडा) आणि यूजर एजंट (येणाऱ्यानं सांगितलेलं आपलं नाव) असतो. ओपनएआयचीच तीन नावं सापडतील. जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी पानं गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी, आणि चॅटजीपीटी-यूजर कुणीतरी काही विचारलं म्हणून येतो. कुळागरवाल्यासाठी तिसरं नाव सर्वात मोलाचं : त्या क्षणी कुणीतरी विचारत होतं. बऱ्याच सर्व्हरचा लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायला विसरू नका. यूजर एजंटचं नाव कुणीही लावू शकतं, म्हणून शंका आली की आयपी पत्ता ओपनएआयनं जाहीर केलेल्या यादीशी ताडून पाहा.

ओळीत ४०३ दिसलं तर बॉटला दारातूनच परत पाठवलंय. वेबसाइटच्या पुढे उभं राहून येणाऱ्या विनंत्या गाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेनं जुलै २०२५ मध्ये नव्या डोमेनांसाठी एआय क्रॉलर अडवणं हीच मूळ सेटिंग केली. तिथे अडलेली विनंती आपल्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, ती त्यांच्या डॅशबोर्डवर बघावी लागते. ४०४ दिसलं तर पान हललं असेल, किंवा चॅटबॉटनं नसलेलाच पत्ता रचला असेल. तोच पत्ता पुन्हा पुन्हा येत असेल तर ३०१, म्हणजे कायमचं वळण लावून योग्य पानाकडे वळवा.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका. जुलैचे आकडे जुलैशीच लावा, गोव्यात पाऊस आणि हंगाम सगळे आकडे वरखाली करतात.

(दृश्य : कुळागराचं फाटक, नोंदवही.)

उरतो तो पाहुणा, ज्यानं काहीच दाबलं नाही, नाव वाचलं आणि थेट गाडी काढली. त्याच्यासाठी फाटकावरच्या वहीत एक रकाना आखा : 'कुठून कळलं?' तो 'ऑनलाइन' म्हणाला तर पुढे विचारा, गूगलवर शोधलं, की चॅटबॉटला विचारलं? जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.