फ्युमिचीनोला उतरून फ्लॉरेन्सला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीला जाणारी मराठी माणसं हल्ली दोन प्रकारची. टूर कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्यांना आजच्या बोलण्याचा काही उपयोग नाही, त्यांनी खुशाल डुलकी काढावी. मी बोलणार आहे ते मुलाकडे-मुलीकडे निघालेल्या, किंवा सगळं स्वतःच जुळवणाऱ्या मंडळींशी. त्यांच्या कागदांत एक गोष्ट हमखास सापडते. विमान रोमला सकाळी साडेआठला उतरणार असतं आणि फ्लॉरेन्सच्या गाडीचं साडेदहाचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं असतं. तेही सगळ्यात स्वस्तातलं, ज्यात ना बदल होतो ना पैसे परत मिळतात. दोन तास पुष्कळ झाले, असा हिशेब.

आता हे दोन तास कुठे जातात ते बघा. विमान टेकल्यावर आधी पासपोर्टची रांग. ऑक्टोबर २०२५पासून युरोपात नवी पद्धत सुरू झाली आहे. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो पहिल्या खेपेला नोंदवून घेतात, त्यामुळे आपली रांग किती वेळ घेईल ते कुणी सांगू शकत नाही. मग सामानाचा पट्टा. मग ट्रॉली ढकलत विमानतळाच्याच आवारातलं रेल्वे स्टेशन गाठायचं. आणि इथवर आलात तरी तुम्ही अजून रोममध्ये नाहीच. फ्युमिचीनो हा रोमचा विमानतळ समुद्राकाठी आहे, शहर तिथून पाऊण तासावर धरा.

म्हणून आधी तिकिटांची जात समजून घ्या. इटलीत ती मुख्यतः दोन. प्रादेशिक गाड्यांचं तिकीट अंतरावर ठरतं, महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, दर तोच. जागेचा नंबर नसतो. वेगवान गाड्यांचं तिकीट मात्र ठरावीक गाडीचं, ठरावीक डब्यातलं, ठरावीक जागेचं, आणि त्याचा दर विमानासारखा खालीवर होतो. आपल्याकडच्या जनरल आणि रिझर्व्हेशनसारखंच म्हणा ना, फक्त वेटिंग लिस्ट नाही. जागा संपल्या की तिकीट संपलं.

शहरापर्यंतच्या टप्प्याला दुसऱ्या जातीचं तिकीट लागतच नाही, त्यामुळे तिथे आगाऊ काही काढायची गरज नाही. खरा निर्णय पुढच्या टप्प्याचा. तिथे माझं मत स्पष्ट आहे: विमान ज्या दिवशी उतरतं त्या दिवशी स्वस्त तिकिटाच्या मोहात पडू नये. पूर्ण दराचं घ्यावं, कारण ते सुटण्याआधी हवं तितक्या वेळा बदलता येतं. नाहीतर स्वस्तच घ्यायचं असेल तर उतरण्याच्या वेळेनंतर चार तासांनी सुटणाऱ्या गाडीचं घ्यावं. विमानतळावर कॉफी प्यायला वेळ मिळाला तर बिघडलं कुठे? तिथली कॉफी उभ्यानेच दोन घोटांत संपते, ही गोष्ट वेगळी.

आता विमानतळावरून निघणाऱ्या दोन गाड्या. लिओनार्दो एक्स्प्रेस मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनात जाते. तिकीट बरीच वर्षं १४ युरो आहे. बहुतेक सगळे डोळे झाकून हिच्यात बसतात. दुसरी गाडी लोकल म्हणावी अशी, एफएल-१ नावाची, ८ युरोची. ती तेर्मिनीला जातच नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना अशी थांबत थांबत साधारण पाऊण तासात तिबुर्तिनाला पोचते. पुष्कळांना वाटतं, मग हिचा आपल्याला काय उपयोग? उपयोग असा, की तिबुर्तिना हे २०११मध्ये नव्याने उभारलेलं मोठं स्टेशन आहे आणि फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या पुष्कळ वेगवान गाड्या तिथे थांबतात. तिकीट काढताना 'रोमा तेर्मिनी'ऐवजी 'रोमा तिबुर्तिना' टाकून बघा. गाडी जुळली तर माणशी ६ युरो वाचतात आणि तेर्मिनीची गर्दीही टळते. चौघांच्या कुटुंबाला हा फरक जाणवेल. काही मोजक्या वेगवान गाड्या थेट विमानतळावरूनही सुटतात. तुमच्या वेळेला एखादी असेल तर प्रश्नच मिटला, पण ती असेलच असं धरून बेत आखू नका.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर छाप उमटवून घ्यायचा. तिकीट खिशात आहे, पैसे मोजलेत, हे तिथल्या टीसीला पुरत नाही. छाप नसेल तर दंड. मोबाइलवर घेतलं असेल तर त्यातच चेक-इन करायचं असतं. वेगवान गाडीच्या तिकिटाला हे काही लागत नाही, त्यावर गाडीचा नंबर आधीच असतो. आणि तिकिटाच्या यंत्रापाशी कुणी फारच प्रेमाने मदतीला आलं, तर हसून नको म्हणा.

तेर्मिनीला उतरलात तर लिओनार्दो एक्स्प्रेस तुम्हाला सहसा २३ किंवा २४ नंबरच्या फलाटावर, अगदी कडेला सोडते. तिथून वेगवान गाड्यांच्या फलाटांपर्यंत सामानासकट चांगली चाल आहे. फलाटांच्या तोंडाशी फाटक असतं, तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. फलाटाचा नंबर गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फळ्यावर लागतो, तोवर सगळा जमाव माना वर करून उभा. इथे नवखा माणूस गोंधळतो तो एका कारणाने. फळ्यावर 'फिरेन्झे' (फ्लॉरेन्सचं इटालियन नाव) शोधत बसतो आणि ते दिसतच नाही, कारण गाडी पुढे मिलानला किंवा व्हेनिसला जाणारी असते आणि फळ्यावर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. तेव्हा नावापेक्षा गाडीचा नंबर पाठ ठेवा. आणि गाडी कुणाची तेही. सरकारी त्रेनितालियाची लाल फ्रेच्चारोस्सा वेगळी, २०१२पासून धावणारी खासगी इतालो वेगळी. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. या दोघींच्या चढाओढीने प्रवाशाचा मात्र फायदा झाला आहे.

तेर्मिनीहून फ्लॉरेन्स साधारण दीड तास. या मार्गाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वेगवान रेल्वे म्हटलं की आपण जपान नाहीतर फ्रान्सचं नाव घेतो. जपानचा मान पहिला, १९६४चा, हे खरंच. पण युरोपात वेगासाठी मुद्दाम बांधलेला पहिला मार्ग हाच, रोम ते फ्लॉरेन्स. त्याचा पहिला तुकडा फेब्रुवारी १९७७मध्ये सुरू झाला, फ्रान्सच्या पॅरिस-लियाँ मार्गाच्या चार वर्षं आधी. मग काम रेंगाळलं, ते इतकं की पूर्ण व्हायला १९९२ उजाडलं. (ऐकणाऱ्यांपैकी कुणाला आपल्याकडचा एखादा पूल आठवला असेल, तर तो योगायोग समजावा.) जुना मार्ग तिबेर नदीच्या वळणांबरोबर वळत जायचा. नव्याने डोंगर पोखरले आणि पाग्लिया नदीच्या खोऱ्यात पाच किलोमीटरहून लांब पूल टाकला. त्याच सुमारास उंच कड्यावर बसलेलं ओर्विएतो गाव दिसतं. ज्यांना घाई नाही त्यांनी साधी प्रादेशिक गाडी धरावी. साडेतीन-चार तास लागतात, पण ओर्विएतो आणि आरेत्सोला थांबत जाते, आणि चुकली तर त्याच तिकिटावर त्या दिवशीची पुढची मिळते. पहिल्या दिवशी, झोप झालेली नसताना, मी मात्र हे सुचवणार नाही.

उतरायचं स्टेशन 'फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला'. काही गाड्या तिथे न जाता फ्लॉरेन्सच्याच काम्पो दि मार्ते स्टेशनला थांबतात, तिकिटावर आधी वाचून घ्या. सांता मारिया नोव्हेल्लात रूळ संपतात, त्यामुळे पुढे जाणारी गाडी आली तशी उलटी फिरते. झोप लागली तर बोलोन्याला जाग येईल. १९३५मध्ये खुलं झालेलं हे स्टेशन वास्तुकार मिकेलुच्ची आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी आखलं. समोरच्या जुन्या चर्चशी रंग जुळावा म्हणून त्याला तिथलाच तपकिरी दगड लावला आहे. मुख्य कॅथेड्रल तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं, टॅक्सी करायची गरज नाही.

शेवटचं, संपाचं. इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात, पण ते आगाऊ जाहीर करावे लागतात. १९९०चा तसा कायदाच आहे. निघण्याआधी आठवडाभर 'शोपेरो', म्हणजे संप, हा शब्द बातम्यांत शोधून तारीख तपासा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, आणि लांबच्या कोणत्या गाड्या नक्की धावणार याची यादी रेल्वे आधी लावते. तुमची गाडी त्या यादीत नसेल तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात. ते गाडी सुटण्याआधीच मागा.

नमस्कार.