ठेचलेली पाकळी आणि दहा मिनिटं

लसणाची अखंड पाकळी नाकाशी धरली तर वास जेमतेम येतो. आता सुरीचं पातं आडवं ठेवून वरून दाबा. कर्रकन आवाज, बोटांना चिकटणारा रस आणि लगेच तो उग्र दर्प.

भिंगाखाली दिसतात त्या लसणाच्या पेशी. पेशीत एका जागी ॲलिन हे गंधकाचं संयुग, दुसऱ्या कप्प्यात ॲलिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. पाकळी ठेचेपर्यंत दोघांची गाठच पडत नाही. कप्पे फुटले की काही सेकंदांत तो उग्र वास देणारं ॲलिसिन तयार व्हायला लागतं. कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं.

घड्याळ लावलंय, दहा मिनिटांचं. घाई होते ती इथेच. ठेचल्या ठेचल्या पाकळी गरम तेलात पडते, उष्णतेनं विकर निकामी होतं आणि ॲलिसिन बनायचं थांबतं.

ॲलिसिन फार काळ टिकत नाही. त्यातून गंधकाची आणखी संयुगं बनतात. रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, हे २००७ साली अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. हाच तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. जास्त झाला तर विषारी, पण आपलं शरीर स्वतःही तो किंचित बनवत असतं.

आता ही काचेची नळी बघा. आत दोन बारीक आकड्यांवर ताणलेली कडी म्हणजे उंदराच्या महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा तुकडा. औषध घालून ती आधी आकसवली, तेव्हा ताण दाखवणारी पडद्यावरची रेघ वर चढली. मग लसणाचा रस. त्यापासून बनलेला तो वायू वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंपर्यंत पोचतो, पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमची आवक मंदावते. रेघ खाली येतेय. कडी सैलावतेय. वाहिनी रुंदावली की रक्ताला अडथळा कमी आणि दाबही कमी.

रक्तदाब वाढलेल्या माणसांवरच्या चाचण्यांत वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास उतरला, पण त्या बहुतेक लसणाच्या गोळ्यांच्या आणि थोड्या माणसांच्या. चालू गोळी स्वतःहून सोडू नका. रक्त पातळ करणारं औषध असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर जास्त लसूण खाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दहा मिनिटं झाली. आता आच लावायला हरकत नाही.