आधी पाणी तपासा, मग बॉयलर

मंडळी, घर गरम ठेवणारा बॉयलर कुरकुरायला लागला की घरात दोन पक्ष पडतात. एकाला अजून दोन हिवाळे ढकलायचे असतात, दुसऱ्याला तो एकदाचा काढून टाकायचा असतो. दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारतात: बॉयलर किती वर्षांचा झाला? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की बिघाड बॉयलरमध्ये आहे, की त्याच्यातून फिरणाऱ्या पाण्यात? कारण तक्रार बॉयलरपाशी दिसली तरी तिचं मूळ पुष्कळदा पाइपांत किंवा खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये असतं. मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

सगळ्यात नेहमीची तक्रार घ्या. प्रेशर सारखं उतरतं. बहुतेक बंद घरगुती यंत्रणांमध्ये, म्हणजे जिथे तेच पाणी फिरत राहतं तिथे, पाणी गार असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. माणूस काय करतो? नळ फिरवून पाणी भरतो. आठवड्याने काटा पुन्हा खाली. मेकॅनिक येतो, "आता याचं वय झालं" म्हणतो. पण तापताना काट्यावर नजर ठेवली का कोणी? पाणी १० अंशांवरून ७०-८० अंशांवर गेलं की दोन-तीन टक्क्यांनी फुगतं. यंत्रणेत शंभर लिटर पाणी असेल तर दोन-तीन लिटर जास्तीची जागा लागते. त्यासाठी एक्स्पान्शन टाकी असते. तिच्या आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ती हवा गेली किंवा पडदा फाटला, तर फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. काटा झपाट्याने ३ बारकडे चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेरच्या नळीतून गळून जातं. यंत्रणा गार झाली की प्रेशर कमी दिसतं. आपल्याला फक्त हा शेवटचा अंक दिसतो.

तपासणी साधी आहे. टाकीवर मोटारीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. जाणकार माणूस त्याची पिन क्षणभर दाबतो. हवा आली तर यंत्रणेचं प्रेशर उतरवून हवा पुन्हा भरायची. पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदलायची. एवढ्यासाठी अख्खा बॉयलर भंगारात काढण्यात शहाणपण नाही.

आणि हे नळ फिरवून पाणी भरत राहणं निरुपद्रवी नसतं. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटरचं पोलाद गंजतं आणि काळा गाळ तयार होतो. रेडिएटरमधून थोडं पाणी पांढऱ्या भांड्यात काढा. ते काळंशार निघालं आणि लोहचुंबक धरल्यावर काळी पूड त्याच्याकडे सरकली, तर निदान झालं. हा गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो, म्हणून वरचा भाग गरम आणि खालचा मधोमध गार लागतो. पंपातही तोच अडकतो. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत गाळ किंवा क्षार साचले की पाणी जागच्या जागी उकळून बॉयलर गडगडतो. आता या गाळावर नवाकोरा बॉयलर बसवा. त्याच्या वाटा जुन्यापेक्षा बारीक. तो आधी चोंदणार. म्हणून बदलायचंच ठरलं तरी पाइप धुऊन काढणं, गंजरोधक द्रव्य घालणं आणि चुंबकीय गाळणी बसवणं हे त्याच कामात धरा. अंदाजपत्रकात या ओळी नसतील तर ते स्वस्त का आहे, हे कळलंच.

बॉयलरचे स्वतःचे बिघाडही असतात, नाही कसे? पंखा, पंप, ठिणगीचा किंवा ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड, गरम पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक बोर्ड. हे सगळे बदलता येणारे भाग आहेत आणि एकेकटा बिघडला तर दुरुस्तीच करावी. हीट एक्स्चेंजरला तडा गेला किंवा तो गंजून गळू लागला, की हिशोब उलटतो, कारण तो भाग महाग आणि मजुरीही मोठी. सुटे भाग बनणं बंद झालं असेल तरही वाद संपला. "दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की बदला" हा ठोकताळा मी फारसा मानत नाही. बोर्ड पाण्याच्या गळतीने जळला असेल आणि गळती तशीच असेल, तर स्वस्तातली दुरुस्तीही वायाच.

एका बाबतीत मात्र हिशोब करायचाच नाही. निळी ज्योत पिवळी पडली, बॉयलरभोवती काजळी दिसली, किंवा बॉयलर चालू असताना घरातल्यांचं डोकं दुखतं आणि बाहेर गेल्यावर उतरतं, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्यायची. त्याला रंग नाही, वास नाही. बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि परवानाधारक तंत्रज्ञ. या वायूची सूचना देणारा अलार्म एरवीही घरात असायलाच हवा.

देखभालीबद्दल थोडक्यात. वरचं झाकण पुसून पावती फाडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. ज्वलनवायूंचं मोजमाप घेऊन त्याचा छापील आकडा तुमच्या हातात पडला पाहिजे, आणि एक्स्पान्शन टाकीची हवा तपासली गेली पाहिजे.

आता इंधनाची बचत. समजा जुन्याची कार्यक्षमता ७५ टक्के आणि नव्या कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या, बॉयलरची ९०. लोक पटकन १५ टक्के बचत म्हणतात. पण तेवढ्याच उष्णतेला जिथे आधी १०० इंधन लागायचं तिथे आता ८३ लागतं, म्हणून खरी बचत साधारण १७ टक्के, म्हणजे बिलाचा सहावा हिस्सा. बसवण्यासकट खर्च दोन वर्षांच्या बिलाइतका असेल, तर फक्त बचतीतून तो वसूल व्हायला बारा वर्षं लागतात. तेही ९० टक्के मिळाले तर! एक घनमीटर नैसर्गिक वायू जळताना सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. ती वाफ आतच थंड होऊन पाणी झाली तरच तिच्यातली उष्णता हाती लागते, आणि त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. नवा बॉयलर ८० अंशांवर लावून ठेवला, तर वाफ धुराड्यातून निघून जाते आणि बचत आठव्या हिश्शावर वगैरे येते. तेव्हा कंडेन्सिंग बॉयलर असेल तर आधी तापमान उतरवून पाहा. पैसे लागत नाहीत. साठवणीच्या गरम पाण्याची टाकी मात्र ६० अंशांवरच राहू द्या, जंतू वाढू नयेत म्हणून. आणि जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरला हा प्रयोग कायमचा लावू नका. त्याच्या आत आम्लधर्मी पाणी साचून तो गंजतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, बॉयलरऐवजी हीट पंपच, म्हणजे बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र, घ्यावा का? तो कमी तापमानाच्या पाण्यावर चांगला चालतो, म्हणून आधी एक चाचणी करा. कडाक्याच्या थंडीत दोन-चार दिवस रेडिएटरकडे जाणारं पाणी ५५ अंशांवर ठेवा. घर नीट तापलं, तर हीट पंपाचा विचार करायला हरकत नाही. एखादीच खोली गार राहिली, तर तिथला रेडिएटर मोठा करा किंवा खिडकीच्या फटी बुजवा. सगळंच घर गारठलं, तर अंदाजपत्रकं मागवण्याआधी घराची उष्णतेची गरज खोलीवार मोजून घ्या. हाच आकडा नव्या बॉयलरलाही लागतो. तो नसला की जुन्याच्या पाटीवरचे किलोवॉट पाहून तेवढाच, किंवा "असू दे थोडा मोठा" म्हणून आणखी मोठा बसवला जातो, आणि मग तो सौम्य थंडीत दर काही मिनिटांनी पेटतो आणि विझतो.