ओट्याखालचं झुरळ आलं कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

ओट्याखालच्या फटीत, फ्रिजच्या मोटरपाशी राहणारं बारकं तपकिरी झुरळ तुमच्या ओळखीचं आहे. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा दिसल्या की समजा, हे जर्मन झुरळ. मोरीच्या जाळीतून वर येणारं, लालसर, चांगलं मोठं आणि कधी अंगावर उडत येणारं, ते अमेरिकन. दोन्ही नावं फसवी आहेत. अमेरिकन झुरळ मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून अमेरिकेत पोचलेलं. जर्मन झुरळाला स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये हे नाव दिलं खरं, पण त्याचं माहेर निघालं आपल्याकडचं!

१७ देशांतल्या २८१ झुरळांचे जनुक ताडून पाहणारं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, उघड्यावर राहणाऱ्या आशियाई झुरळापासून हे वेगळं झालं. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी ते पश्चिम आशियाकडे गेलं आणि चारएकशे वर्षांपूर्वी, युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात, आणखी पूर्वेकडे. आशियाई झुरळ आजही आहे. दिसायला अगदी तसंच, पण ते पालापाचोळ्यात राहतं, छान उडतं, दिव्याकडे झेपावतं. घरातलं मात्र उडणं विसरलं, उजेडाला बिचकू लागलं. रानात तर ते आता कुठेच सापडत नाही. 'घरात झुरळं शिरली' असं आपण म्हणतो, ते या जातीपुरतं मला पटत नाही. शिरायला ती बाहेर होतीच कुठे?

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या आसपास वावरतात त्या तीसेक. बाकीच्या जंगलात कुजकं लाकूड, पानं खाऊन त्यांची माती करतात. ऑस्ट्रेलियातलं गेंडा-झुरळ जमिनीत बीळ खणून पिलांना वाढवतं. एका जातीची मादी तर पोटातल्या पिलांना दुधासारखा द्रव पाजते. त्यातल्या प्रथिनाची रचना २०१६ मध्ये उलगडली, त्यात बंगळुरूचे शास्त्रज्ञ होते. आणि दाराची चौकट पोखरणारी वाळवी? तीही झुरळांच्याच कुळातली.

आता घरातल्या झुरळाची हुशारी ऐका. हुशारी म्हणजे अक्कल नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांची निवड. विषारी आमिषात गोडीसाठी ग्लुकोज घालत. ज्या थोड्या झुरळांना जन्मतःच ग्लुकोज कडू लागत होतं, ती आमिष न खाता वाचली आणि त्यांचीच प्रजा वाढली. पण गंमत पुढे आहे. मीलनाआधी नर मादीला आपल्या पाठीतून पाझरणारा गोड रस चाटायला देतो. मादीच्या लाळेने त्या रसातल्या साखरेचं ग्लुकोज होतं, आणि ती तोंड कडू करून निघून जाते! म्हणजे विषातून वाचला, पण लग्न मोडलं. त्यावरही तोडगा निघाला: अशा नरांच्या रसातली साखर बदलली, आणि मादीला कडू कळायच्या आत ते उरकून घेऊ लागले.

हे कौतुक ऐकून कुणी झुरळं पाळू नका. त्यांची विष्ठा आणि कात यांचे कण हवेत मिसळतात, त्यामुळे मुलांचा दमा बळावतो. पायांना चिकटून जंतू अन्नावर येतात.

मग करायचं काय? फवारा समोरच्या झुरळाला मारतो, फटीतल्यांना नाही. मादी अंड्यांची डबी पिलं निघेपर्यंत पोटाशी धरून तिथेच बसते. एकेका डबीत तीस-चाळीस अंडी. त्यापेक्षा झुरळांसाठीच्या विषारी जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांपाशी, ड्रॉवरच्या मागे द्यावेत. ते खाऊन झुरळ परत फटीत जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात, आणि विष त्यांच्याही पोटात जातं. ठिपक्यांवर फवारा मात्र मारू नका, त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. रात्री सिंक कोरडं करा, गळका नळ दुरुस्त करा. अन्नाविना ती बरेच दिवस तग धरतात, पाण्याविना फार नाही.