वृद्ध होणारे समाज आणि संस्कृतीचा प्रश्न

श्रोतेहो, पासष्टीपलीकडच्या लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानने तेच अंतर १९७० ते १९९४ या काळात कापले आणि दक्षिण कोरियाने २००० नंतरच्या अवघ्या १८ वर्षांत. पेन्शन, रुग्णालये आणि करव्यवस्था यांची घडी बसवायला फ्रान्सला चार पिढ्या मिळाल्या. कोरियाला धड एकही मिळाली नाही.

माणूस तरुणपणी शिल्लक टाकतो आणि म्हातारपणी ती मोडून खातो, असे अर्थशास्त्रज्ञ फ्रांको मोदिग्लियानी यांच्या सिद्धांताचे थोडक्यात सांगणे आहे. त्यावरून वृद्ध देशाची बचत घटणार आणि वाढ मंदावणार, असा हिशेब मांडला जातो. परंतु माणसाने काम कधी थांबवायचे, हे केवळ शरीर ठरवत नाही, संस्कृतीही ठरवते. जपानमध्ये पासष्ट ते एकोणसत्तर या वयातले निम्म्याच्या आसपास लोक आजही काम करतात, तर फ्रान्समध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याच्या निर्णयावरून २०२३ साली लाखो लोक रस्त्यावर उतरले. दोन्ही देश दीर्घायुषी आहेत. निवृत्ती म्हणजे काय, याची समजूत मात्र वेगळी आहे.

कोरियाचे उदाहरण अधिक बोचरे आहे. आईवडिलांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य, ही कन्फ्यूशियन धारणा, म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस यांच्या शिकवणीतून आलेली समजूत, तिथे खोलवर रुजलेली. म्हणून एका संपूर्ण पिढीने आपली मिळकत मुलांच्या शिक्षणात ओतली. राष्ट्रीय पेन्शन योजना १९८८ मध्ये आली, तेव्हा या पिढीच्या हाती वर्गणी भरण्याची फार थोडी वर्षे उरली होती. पुढे मुले शहरांत गेली, घरे लहान झाली, आणि आज श्रीमंत देशांमध्ये वृद्धांच्या दारिद्र्याचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत कोरिया मोडतो. कर्तव्याची भावना नाहीशी झाली, असे मी म्हणणार नाही. तिला पेलणारे कुटुंबच उरले नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. याच कन्फ्यूशियन परंपरेमुळे चीनमध्ये आधुनिक भांडवलशाही उगवली नाही, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी प्रतिपादन केले होते. आणि पुढे कोरिया, तैवान, सिंगापूर भरभराटीला आले तेव्हा त्याचे श्रेय अनेक विद्वानांनी त्याच परंपरेला देऊन टाकले. जी गोष्ट अपयशही समजावते आणि यशही, तिच्यावर अर्थशास्त्राने जपूनच विसंबावे.

शिवाय संस्कृती धोरणांनीही बदलते. जपानमध्ये अंथरुणाला खिळलेल्या सासूसासऱ्यांची शुश्रूषा हे थोरल्या सुनेचे काम मानले जाई. २००० साली तिथे दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून पुढच्या प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरज पडल्यावर सेवा हक्काने मागायची. त्यानंतरच्या दोन दशकांत शुश्रूषा करणाऱ्या सुनांचे प्रमाण झपाट्याने घटले, आणि शुश्रूषा हा पगार देणारा मोठा व्यवसाय बनला. त्या व्यवसायाला आज माणसे पुरत नाहीत, म्हणून जपानला आता परदेशांतून शुश्रूषा कामगार आणावे लागत आहेत.