फितूर झाला, पण फितवलं कोणी?

नमस्कार, अमेरिकेतल्या मराठी मंडळी.

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना एक वाक्य मी सतत ऐकत आलो: ‘साक्षीदार फितूर झाला.’ पोलिसांना एक जबाब दिला आणि पिंजऱ्यात उभं राहिल्यावर भलतंच बोलला. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच शब्द. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

‘फितूर’ मूळचा अरबी, ‘फुतूर’. अर्थ शैथिल्य, जोर ओसरणं. फारसीमार्गे तो इकडे आला. हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं. मराठीत मात्र तो गडकिल्ल्यांच्या राजकारणात शिरला. किल्लेदाराची निष्ठा ढिली पडली की गड गेलाच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत बंड आणि विश्वासघात हेच अर्थ दिसतात.

पण मराठी नुसता शब्द घेऊन थांबली नाही. तिने त्याचं क्रियापद केलं. फिरणे-फिरवणे, तसं फितणे-फितवणे. फितणारा एक, फितवणारा दुसरा. चिथावणी चारचौघांतही देता येते, फितवणं आडूनच चालतं. त्यात पैसा असतो, धाक असतो, कधी भावकीचं दडपण असतं. ‘पढवलेला साक्षीदार’ आपण म्हणतोच. तुमच्या अमेरिकेत खोटी साक्ष द्यायला लावण्याच्या गुन्ह्याला ‘सबॉर्नेशन’ म्हणतात. त्यातलं लॅटिन ‘सब’ म्हणजे खालून, गुपचूप आणि ‘ऑर्नारे’ म्हणजे सज्ज करणं. रोमनांनी दोष सज्ज करणाऱ्याकडे ठेवला. फितवणारा आपल्या भाषेतही आहे, पण बातमीत तो कुठेच नसतो.

बहुतेक साक्षीदार विश्वासघातकी नसतात, घाबरलेले असतात. आरोपी त्याच गल्लीत राहतो, खटला वर्षानुवर्षं चालतो आणि मुलीला रोज त्याच रस्त्याने शाळेत जायचं असतं. अशा माणसाला आपण किल्ला विकणाऱ्याचा शब्द चिकटवतो. अशा साक्षीदारासाठीचा इंग्रजी शब्द ‘हॉस्टाइल’ निदान एवढंच म्हणतो की तो आता बोलावणाऱ्या बाजूच्या विरोधात आहे. आणि त्याची सगळी साक्ष त्यामुळे बाद होत नाही. विश्वसनीय वाटेल तो भाग न्यायालय स्वीकारू शकतं.

कायद्याला फितवणारा दिसतो. १८६०च्या दंडसंहितेत गुन्ह्याला मदत करणं, कट करणं आणि चिथावणं ही तिन्ही ‘अपप्रेरणा’ ठरली. खोटी साक्ष दे म्हणून धमकावण्यासाठी २००६ साली १९५-अ हे वेगळं कलम आलं. त्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २३२वं आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तरतुदी आहेत. पण धमकीची तक्रार बहुधा त्या घाबरलेल्या माणसालाच करावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जण रोज पुण्याचे पेपर ऑनलाइन वाचता. पुढच्या वेळी ‘साक्षीदार फितूर’ असा मथळा दिसला, तर संपादकांना दोन ओळी लिहा: त्याला फितवलं कोणी, आणि त्याबद्दल कोणावर गुन्हा नोंदवला?