सोळा मात्रा, मग अकरा

(दृश्य: बालाघाटाच्या उतारावर सोयाबीनची शेतं, खाली ओढा.)

अंबाजोगाई. डोंगरकड्यात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, गावात संतकवी दासोपंतांची. इथल्या कानाला कवितेची ओळ म्हटलं की आधी ओवी आठवते. तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. अक्षरं-मात्रांचा ओवीला फारसा धरबंद नाही. जात्यावर बसलेली बाई हवी तशी ओळ लांबवते, हवी तिथं तोडते.

आज मात्र मोजूनमापून बेतलेली ओळ समोर आहे. मराठीचे सर पोरांना घेऊन ओढ्यावर आलेत, हातात बालकवींची ‘औदुंबर’. जेमतेम आठ ओळी.

(दृश्य: झेरॉक्सच्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा.)

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, खानदेशातल्या धरणगावचे. जन्म 1890 चा. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हणून गौरवलं गेलं. 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. इंग्रजी रोमँटिक कवितेचं वारं केशवसुतांच्या काळापासून मराठीत वाहत होतं. बालकवींच्या हाती आल्यावर त्या वाऱ्याला इथल्या रानाचा वास आला.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचं माप. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ओळीच्या शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी दीर्घ धरायचं. मोजा. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, ‘हिरवाळी घेउन’ अकरा. आठही ओळी अशाच, सत्तावीस मात्रांच्या. ‘घेउन’मधला उ ऱ्हस्व का, हे एका पोरीनं विचारलं होतं. छापणाऱ्याची चूक नाही ती. दीर्घ केला की एक मात्रा वाढते आणि म्हणताना लगेच अडखळायला होतं.

इथवर हिशेब झाला. खरी गंमत ओळीच्या पोटात आहे.

पहिल्या चार ओळींत आठ मात्रा भरल्या की शब्दही संपतो. ‘चार घरांचे’, थांबा. ‘गाव चिमुकले’, थांबा. ‘शेतमळ्यांची’, ‘दाट लागली’. सगळं चित्र जागच्या जागी, बांध घातल्यासारखं नीट. मग पाचवी ओळ येते.

पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे

इथं आठ मात्रा कुठं संपतात? ‘पांढरी’च्या मध्यात, ‘पां’वर. पुढच्या ओळीत तर ‘कुरणामधुन’ या शब्दाचे दोन तुकडे होतात: ‘हिरव्या कुरणा’ आठ, ‘मधुन चालली’ आठ. एक पोरगा म्हणाला, “सर, गाडी चाकोरीतून खाली उतरल्यावानी झालं की!” तेच. वाट आडवीतिडवी निघाली तेवढ्या दोनच ओळींत आतला थांबा शब्दाला कापतो. सातव्या ओळीपासून परत सुरळीत: ‘झाकळुनी जळ’, ‘गोड काळिमा’. बालकवींनी हे ठरवून केलं की आपसूक झालं, कोण सांगणार? मोठ्यानं म्हणणाऱ्याच्या जिभेला ते कळतं, एवढं खरं. डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या हातून बहुधा निसटतं.

(दृश्य: ओढ्याकाठी उंबर, मुळं पाण्यात.)

आता तिसऱ्या ओळीपासून फक्त अकरा मात्रांची शेपटं ओळीनं वाचून बघा. पैल टेकडीकडे. हिरवी गरदी पुढे. अडवी तिडवी पडे. काळ्या डोहाकडे. पसरी लाटांवर. नजर सारखी कुठं ना कुठं ढकलली जाते. शेवटचं शेपूट तेवढं वेगळं: ‘पाय टाकुनी जळात बसला’ यानंतर येणारं ‘असला औदुंबर’. त्यात दिशाच नाही. सत्तावीस मात्रांच्या आठ ओळी चालून आल्यावर झाडाचं नाव सापडतं.

आणि या झाडाचा अर्थ काय, यावर ओढ्याकाठी वाद पेटला. अंबाजोगाईच्या पोरांना उंबराखाली दत्त दिसणारच. दासोपंत दत्तभक्त, दत्ताचं माहूरही मराठवाड्यातलंच. कुणाला पाण्यात पाय सोडून बसलेला विरक्त योगी दिसला, कुणाला मरणाची सावली. एकीनं सरळ सांगितलं, “काही नाही सर, नुसतं वर्णन आहे.” हे म्हणणं मला अगदीच मोडीत काढवत नाही. कवितेत ‘मी’ कुठंच नाही, हळहळ नाही, उपदेश नाही. पण मग त्या पोरीला पायवाटेचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल. शेतमळ्यांतून निघालेली वाट बाजाराला जात नाही, दुसऱ्या गावालाही नाही. ती काळ्या डोहापाशी येते आणि कविता तिला पुढं कुठं नेत नाही. रंगही त्याच क्रमानं उतरतात: हिरवा, निळासावळा, पांढरा, शेवटी काळा. आणि त्या काळ्याला कवी ‘गोड’ म्हणतो! मरणाची सावली म्हणणाऱ्यांनाही हे ‘गोड’ सोपं जाणार नाही.

वाद मिटला नाही, सरांनी मिटवलाही नाही. पुढच्या तासाला बालकवींचीच ‘श्रावणमासी’ आहे. तिची ओळ या ओळीपेक्षा तीन मात्रांनी लांब. त्या तीन मात्रांनी काय साधलं, हे पोरांनी घरून शोधून आणायचंय.